दर्या बघायला गेले, खाजण बघून आले

ऊस तुटून गेला, पहिला हप्ता खात्यावर जमा झाला आणि खोडव्याला पाणी देऊन झालं, की आपल्या बारामती-इंदापूर पट्ट्यात सहलीचे वारे वाहू लागतात. पूर्वी हे वारे पंढरपूर, तुळजापूर, फार तर गाणगापूरपर्यंत जायचे. हल्ली ते गोव्याकडं वळलेत. तरणी पोरं गोव्याला कशासाठी जातात, हे गावात सगळ्यांना ठाऊक असतं आणि कुणी उघड बोलत नाही. त्यामुळे नीरा डाव्या कालव्यावरच्या एका गावातल्या भिशी मंडळाने फेब्रुवारीत गोव्याची सहल काढली आणि त्यात पन्नाशी-साठीतले शेतकरी जोडीने निघाले, तेव्हा पारावर चेष्टा झाल्याशिवाय राहिली नाही. "आण्णा, या वयात गोवा? काकूला घरी ठिवून जावा की," असं एकाने म्हटलंच. आण्णा म्हणाले, "ती येतीय म्हणून तर चाललोय."

प्रस्तुत प्रतिनिधीही त्या गाडीत होता. बावीस माणसं, एक निवृत्त तलाठी भाऊसाहेब, दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि पाण्याचे चार कॅन. बारामतीहून फलटण, सातारा, कोल्हापूर, आजरा, आंबोली, सावंतवाडी, बांदा असा रस्ता. पणजीपर्यंत चारशेच्या वर किलोमीटर भरतात. आंबोलीचा घाट उतरेपर्यंत आपली काळी माती दिसेनाशी होते आणि तांबडा जांभा सुरू होतो. माणसं खिडकीतून बाहेर बघतात ती तेवढ्याचसाठी. "ह्या मातीत काय येत आसंल वो?" हा प्रश्न सावंतवाडीपर्यंत तीनदा निघाला.

पत्रादेवीला गाडी थांबवा

बांद्याच्या पुढे गोव्याची हद्द लागते ते ठिकाण पत्रादेवी. बहुतेक गाड्या इथून भर्रकन निघून जातात. आमची थांबली ती भाऊसाहेबांच्या आग्रहामुळे. इथे गोवा मुक्तीसाठी गोळ्या झेललेल्या सत्याग्रहींचं स्मारक आहे. भारत १९४७ ला स्वतंत्र झाला तरी गोवा पोर्तुगिजांकडेच होता. १९५४ साली पुण्यात गोवा विमोचन सहायक समिती स्थापन झाली, केशवराव जेधे तिचे अध्यक्ष. नानासाहेब गोरे, सेनापती बापट यांच्यासारखी माणसं सत्याग्रहाला गेली. १५ ऑगस्ट १९५५ रोजी देशभरातून आलेले निःशस्त्र सत्याग्रही हद्द ओलांडून आत शिरले, तेव्हा पोर्तुगीज सैनिकांनी गोळीबार केला. पुणे जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांत त्या वेळी यावर सभा झाल्या होत्या. अखेर डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय फौजा आत गेल्या आणि १९ तारखेला गोवा मोकळा झाला. १५१० पासून धरलं तर साडेचारशे वर्षांचा कारभार दीड दिवसात आटोपला. घटक राज्य व्हायला मात्र ३० मे १९८७ उजाडला.

स्मारकापाशी दहा मिनिटं सगळे गप्प उभे होते. मग काकूंनी पिशवीतला हार काढला. तो खरं तर मंगेशीला वाहायचा होता.

मार्केट यार्डातली पोर्तुगीज भाषा

जुने गोवे येथील चर्चेस बघायला सगळेच जातात, आम्हीही गेलो. बॉम जेझुस हे १६०५ सालचं. संत फ्रान्सिस झेवियर यांचं शव तिथे ठेवलेलं आहे. दर दहा वर्षांनी ते दर्शनासाठी खाली आणतात, मागचं प्रदर्शन २०२४ च्या नोव्हेंबरात सुरू होऊन जानेवारी २०२५ मध्ये संपलं. एके काळी हे शहर आशियातल्या मोठ्या शहरांत गणलं जायचं. रोगराईने ओस पडलं आणि राजधानी पणजीला गेली. आता भलीमोठी चर्चेस आणि भोवती नारळ एवढंच उरलंय. या वैभवाला दुसरी बाजूही आहे. पाडलेली देवळं, सक्तीची धर्मांतरं आणि १५६० ते १८१२ पर्यंत, मध्ये थोडा खंड सोडता, चाललेली इन्क्विझिशनची धर्मन्यायालयं. दिवाडी बेटावरून फेरीबोटीने पलीकडे नार्व्याला सप्तकोटेश्वराचं देऊळ आहे, त्याचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये केला. आपल्याकडच्या गाड्या ते चुकवतात. चुकवू नये.

पण आमच्या मंडळींना खरी गंमत वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. भाऊसाहेबांनी गाडीत सहज सांगितलं की आपण मार्केट यार्डात रोज पोर्तुगीज बोलतो. लिलाव हा शब्द पोर्तुगीज. पगार पोर्तुगीज. घमेलं, परात, बादली, चावी, बंब पोर्तुगीज. बटाटा, कोबी, पपई, अननस, काजू हे तर नावासकट आले. हापूस हे नाव अफोन्सो आल्बुकर्कवरून पडलं असं मानतात, आणि आंब्याची कलमं बांधण्याची रीत गोव्यात जेझुइट पाद्र्यांनी आणली. इंदापूरकडचे एक तात्या गाडीत होते, त्यांची तीन एकर पेरूची बाग. ते म्हणाले, "आन् पेरू?" पेरू हे फळही अमेरिका खंडातलं, आणि त्याचं नाव तिकडच्या पेरू देशावरून पडलं असं सांगतात. तात्या बराच वेळ गप्प. "म्हंजी माझी बाग परदेशी हाय म्हणा की."

बाग एकटी नव्हे. मिरची, मका, भुईमूग, तंबाखू, टोमॅटो, सीताफळ ही सगळी अमेरिका खंडातली पिकं, आणि यांतली बरीचशी पोर्तुगीज गलबतांतून या किनाऱ्याला लागली. मिरची नव्हती तेव्हा आपला ठेचा कशाचा होता, यावर पणजी येईपर्यंत वाद झाला. ऊस मात्र उलट दिशेने गेला. तो मूळ आपल्या बाजूचा. अरबांमार्फत युरोपात गेला आणि पोर्तुगिजांनी तो मदिरा बेटावर आणि पुढे ब्राझीलमध्ये लावला. तोडणीला माणसं आणली आफ्रिकेतून, गुलाम करून. जगात साखर स्वस्त झाली ती त्यांच्या पाठीवर. उसाच्या पट्ट्यातल्या माणसाला हे माहीत असलेलं बरं.

उसाचं निघालं म्हणून सांगायचं, गोव्यातही ऊस होतो. धारबांदोड्याला संजीवनी सहकारी साखर कारखाना आहे, साऱ्या राज्यात एकच. गेली काही वर्षं त्याचं गाळप बंद आहे. कारखाना बंद पडला की उसवाल्याचं काय होतं, हे आपल्या लोकांना समजावून सांगावं लागलं नाही.

समुद्र

समुद्राबद्दल थोडक्यात. मिरामारला आणि कळंगुटला गेलो. बावीसपैकी अकरा जणांनी समुद्र पहिल्यांदाच पाहिला. बायकांनी हळदकुंकू वाहिलं, नारळ सोडला. आण्णांनी ओंजळीत पाणी घेऊन जिभेला लावलं आणि थुंकून टाकलं. "येवढं पाणी आन् येका सरीला उपेगाचं न्हाय." किनाऱ्यावर लाल बावटा असेल तिथे पाण्यात उतरू नये, जीवरक्षक शिट्टी मारतो ती उगीच मारत नाही. आपली माणसं कालव्यात पोहणारी. लाट ओढून नेते तेव्हा ते पोहणं कामी येत नाही. बाकी काजूची फेणी, रात्रीचे बाजार वगैरे ज्यांना बघायचं त्यांनी बघितलं, त्याची चर्चा इथे नको.

खाजण

तिसऱ्या दिवशी जुने गोव्यातून फेरीबोटीने दिवाडी बेटावर गेलो. कुणी सुचवलं म्हणाल तर जुने गोवे येथील एला भागातल्या केंद्रीय तटीय कृषी संशोधन संस्थेच्या माहितीपत्रकाने. ही भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची संस्था. गटाने जायचं तर आधी पत्र टाकून वेळ घ्यावी. त्या पत्रकात 'खाजण' हा शब्द होता आणि त्याच्याखाली 'खारट जमिनीतील भात' असं. आण्णांनी तो कागद घडी करून खिशात ठेवला होता.

का ते सांगितलं पाहिजे. आण्णांच्या साडेचार एकरांतलं दोन एकर रान खारपड झालंय. त्यांच्या वडिलांच्या काळात त्याच रानात उसाचं उत्तम पीक निघायचं. आता उन्हाळ्यात वर पांढरा थर येतो, ऊस गुडघ्याएवढा होऊन पिवळा पडतो. अशी रानं नीरा खोऱ्यात पुष्कळ आहेत. वाचकांपैकी कित्येकांच्या उताऱ्यावर असतील.

तर खाजण म्हणजे काय? खाडीकाठची सखल जमीन. भरतीला समुद्राचं पाणी नदीत शिरतं आणि ही जमीन त्या पाण्याच्या पातळीखाली असते. शेकडो वर्षांपूर्वी, पोर्तुगीज यायच्या कितीतरी आधी, तिथल्या गावकऱ्यांनी चिखल, पेंढा आणि जांभा दगड वापरून बांध घातले आणि खाडीचं पाणी बाहेर अडवलं. गोव्यात अशी जमीन सुमारे १८ हजार हेक्टर सांगतात. बांधात जागोजाग लाकडी दारं असतात, त्यांना मानस म्हणतात. ही दारं बघण्यासारखी. भरती चढली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने दार आपोआप बंद होतं. ओहोटी लागली की आतलं पाणी उंच राहतं, ते दार ढकलून बाहेर जातं. मोटर नाही, वीज नाही, राखणदारही नाही. आण्णा त्या दारापाशी उन्हात पाऊण तास बसले. ओहोटी लागून दार हललं तेव्हा त्यांनी हाक मारून सगळ्यांना बोलावलं.

पावसाळ्यात पहिल्या महिन्यात पडणाऱ्या पाण्याने जमिनीतलं मीठ धुऊन मानशीतून बाहेर जातं, मग भात करतात. कोरगुट नावाचा जुना वाण खारट पाण्यात तग धरतो. संस्थेने क्षार सहन करणारे 'गोवा धान' हे वाणही काढले आहेत. भात निघाल्यावर आतल्या सखल भागात कोळंबी, मासे. मानशीच्या तोंडाला जाळं लावून मासळी धरायचा हक्क दर वर्षी लिलावात जातो. आमचे लोक इथे हसले, कारण शब्द ओळखीचा निघाला.

पण सारंच काही गोड नाही. तिथल्या एका वयस्कर शेतकऱ्याशी मोडक्यातोडक्या मराठी-कोकणीत बोलणं झालं. पूर्वी बांध बघायचं काम गावकरीकडे असे. गावकरी म्हणजे गावाची सामाईक संस्था, जमीन गावाची, कसायला लिलावाने द्यायची, खर्च जाऊन उरलेलं गावकरांत वाटायचं. पोर्तुगिजांनी आल्यावर ही पद्धत मोडली नाही. १५२६ साली तिच्या चालीरीती लिहून काढल्या, आणि तीच संस्था आपल्या महसुलासाठी वापरली. हुशारीच म्हणायची. बांध फुटला की ढोल वाजवून सगळा गाव कुदळ-फावडं घेऊन धावायचा, असं तो म्हणाला. १९६४ च्या कूळ कायद्यानंतर बांधांची जबाबदारी कुळांच्या संघटनांवर आली. काही संघटना काम करतात, काही कागदावर आहेत. त्यात मासळीला पैसा जास्त. मग ज्याच्याकडे मानशीचा लिलाव असतो तो कधी कधी खारं पाणी मुद्दाम जास्त आत घेतो, आणि भाताचं रान बिघडतं. बांध फुटून पडलेल्या शेतात आता तिवराची झाडं उभी आहेत. आम्हाला त्याने ती दाखवली. "येकाक जाय नुस्तें, दुसऱ्याक जाय भात," असं काहीसं तो म्हणाला. त्याचा अर्थ कुणालाही सांगावा लागला नाही.

त्यांचं मीठ, आपलं मीठ

परतीच्या बोटीत आण्णांनी सरळ विचारलं, "त्यांचं मीठ धुऊन जातं, मग आमचं का जात न्हाय?"

प्रश्न बिनतोड आहे. त्यांचं मीठ समुद्रातून येतं आणि तिथे पाऊस पडतो तीन हजार मिलिमीटरच्या आसपास. आपल्याकडे पडतो पाचशेच्या आसपास. आपलं मीठ वरून येत नाही, खालून येतं. कालव्याचं पाणी वाजवीपेक्षा जास्त दिलं, निचरा नसलेल्या भारी काळ्या रानात ते साठलं, जमिनीतल्या पाण्याची पातळी वर आली. मग उन्हाने पाणी उडून जातं आणि त्यात विरघळलेले क्षार वरच्या थरात राहतात. हे दुखणं काल-परवाचं नाही. नीरा डावा कालवा इंग्रजांनी १८७६-७७ च्या दुष्काळानंतर, १८८५ च्या सुमारास सुरू केला. दुष्काळात ज्वारी-बाजरी वाचावी हा हेतू. लोकांनी ऊस लावला. पुण्याच्या शेती कॉलेजचे प्राचार्य डॉ. हॅरोल्ड मान आणि व्ही. ए. ताम्हाणे यांनी नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर पुस्तिका लिहिली ती १९१० साली. म्हणजे पंचवीस वर्षांत रानं बिघडायला लागली होती. पाणी आणायचा कालवा खणला, पाणी बाहेर काढायची चारी खणली नाही. इंग्रजांना नाव ठेवायला जागा आहे, पण ते जाऊनही बराच काळ लोटला.

उपाय नवा नाही. आधी मातीची तपासणी. विद्युतवाहकता चारच्या वर आणि सामू साडेआठच्या आत असेल तर जमीन खारवट, तिला निचरा आणि धुवण पुरते. सामू साडेआठच्या वर गेला आणि सोडियम वाढलं असेल तर ती चोपण, तिला जिप्सम लागतं, आणि तेही निचऱ्याची सोय झाल्यावर. निचरा नसताना जिप्समची पोती ओतणारे आपल्याकडे थोडे नाहीत, ते पैसे मातीत जातात. तिसरी गोष्ट म्हणजे जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकून पाणी ओढ्याला काढणं. यात अडचण पाइपची नाही, ओढ्याची आहे. पाइप आपल्या रानातून निघून शेजाऱ्याच्या, त्याच्या शेजाऱ्याच्या रानाखालून जावा लागतो. आण्णांचं नेमकं इथेच अडलंय. मधल्या रानवाल्याने चार वर्षं पाइप जाऊ दिलेला नाही. भाऊसाहेबांना विचारलं, मामलेदार कोर्ट कायदा, १९०६ लागू होतो का? ते म्हणाले, कलम ५ नैसर्गिक वाहत्या पाण्याला अडथळा केला तर लागतं, जमिनीखाली आपण नवीन टाकलेल्या पाइपला लागणं अवघड. "हे काम समजुतीचं हाय आण्णा, नोटिशीचं न्हाय."

बायकोची सही

जाता जाता एक गोष्ट तलाठी, ग्रामसेवक मंडळींसाठी. गोव्यात सात-बारा नाही, त्याच्या जागी 'फॉर्म एक व चौदा' असतो. आणि कुटुंबाच्या मिळकतीला तिथे पोर्तुगीज दिवाणी कायद्याचा वारसा आहे, मूळ १८६७ चा. लग्नाच्या वेळी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मिळकत दोघांची निम्मी-निम्मी धरतात, आणि जमीन विकायची तर बायकोची सही लागते. हे ऐकून गाडीतल्या पुढच्या बाकांवर एकदम शांतता झाली. मागच्या बाकांवर बायका बसल्या होत्या, तिथे नव्हती. आपल्याकडे शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची चळवळ केली, शासनानेही १९९२ मध्ये बायकोचं नाव उताऱ्याला लावण्याची योजना आणली. काकूंनी भाऊसाहेबांना विचारलं, "आमच्यात किती जणींची नावं लागली वो?" भाऊसाहेब म्हणाले, सज्जात नोकरी केली तेवढ्या काळात बोटांवर मोजण्याएवढी. "मग ती खारपड दोन एकर तरी माझ्या नावावर करा म्हणावं, मी आणते पाइप," असं काकू म्हणाल्या. गाडी हसली. आण्णा हसले नाहीत.

येताना कोल्हापूरहून वाट वाकडी करून शिरोळ तालुक्यात गेलो. तिथे दत्त कारखान्याच्या पुढाकाराने शेतकऱ्यांनी गावोगाव एकत्र येऊन क्षारपड रानांखाली सच्छिद्र पाइप टाकलेत. आधी सामाईक मुख्य चर, मग ज्याची त्याची जोडणी. पांढऱ्या रानात पुन्हा ऊस उभा राहिलेला आण्णांनी डोळ्यांनी पाहिला, आत जाऊन चार पेरं मोजली. तिथल्या शेतकऱ्याला त्यांनी एकच विचारलं, "मधला रानवाला कसा तयार झाला?" तो म्हणाला, "त्याचंबी रान पांढरं व्हायला लागलं तवा."

गावी आल्यावर आण्णांनी दोन्ही एकरांतले मातीचे नमुने काढून बारामतीला तपासणीला दिले. ओढ्यापर्यंत सात खातेदार लागतात. त्यांच्या घरी काजू आणि फणसपोळीचा पुडा घेऊन आण्णा आणि काकू दोघेही जाऊन आले. चौघांनी होकार दिला आहे, दोघे मुलांना विचारून सांगतो म्हणाले. मधल्या रानवाल्याने काजू ठेवून घेतले. पाइपचं बघू, म्हणाला.